४५ चा वर्ग आणि देवळालीचे मास्तर

आज कोल्हापुरातनं मी एकटाच बोलतोय आणि विषय आकड्यांचा आहे. थांबा, पळू नका. मोबाईलवर कॅल्क्युलेटर उघडा, ४५ चा वर्ग करा. २०२५ आले? आता तुकडे पाडा, २० आणि २५. बेरीज परत ४५!

२०२५ साल लागलं तेव्हा काकांनी हे आमच्या घरच्या ग्रुपवर टाकलेलं. 'गणिताचा चमत्कार', बास. नाव कुणाचंच नाही. मला तेच खटकलं, कारण अशा संख्यांना जगभर काप्रेकर संख्या म्हणतात.

दत्तात्रय रामचंद्र काप्रेकर. जन्म १९०५, डहाणू. शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात, १९२७ मध्ये रँग्लर परांजपे पारितोषिक. मग नोकरीभर नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर. बऱ्याच गणितज्ञांना त्यांचं काम म्हणजे पोरखेळ वाटायचा. हे आपले स्वतःच पुस्तिका छापत राहिले. १११ चा वर्ग १२३२१. नुसत्या एकांच्या संख्येचा वर्ग असा चढतो नि उतरतो, आणि दहा एक झाले की हातचा येऊन डौल मोडतो. ही कल्पना सुचली ते स्टेशन डेमलो, म्हणजे आजचं डोंबिवली. म्हणून नाव डेमलो संख्या! लोकल पकडायची सोडून माणूस हे करत होता. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरनं 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठं नाव जगभर गेलं. तोवर मास्तर रिटायर झाले होते.

मलाही आधी वाटलं, यात काय अवघड? दहा ओळींचा प्रोग्राम. चार अंकी संख्या असेल तर वर्गाचे उजवे चार अंक एकीकडे, उरलेले दुसरीकडे. ९९९९ पर्यंत १५ संख्या मिळाल्या. यादी ताडून बघतो तर १७! ४८७९ आणि ५२९२ सुटलेल्या. ४८७९ चा वर्ग २३८०४६४१. तो २३८ आणि ०४६४१ असा कापला तरच बेरीज जुळते. मग कुठंही कापायची मुभा दिली, तर १०, १००, १००० पण घुसल्या, १० अधिक ० म्हणत. उजवीकडं नुसती शून्यं चालणार नाहीत, ही अट घातली तेव्हा यादी जुळली. माझी अख्खी संध्याकाळ गेली, तीही लॅपटॉप असताना. मास्तरांकडं वही होती.

ग्रुपवर मी सगळं टाकलं, नावासकट. काकांचा रिप्लाय आला, "आपल्यातला माणूस व्हय रं? आधी सांगायचं न्हाईस!"