लहान मुलांची श्रवणचाचणी : पालकांनी करावयाची पूर्वतयारी

मूल ऐकून बोलायला शिकते. म्हणून श्रवणदोष जितका लवकर ध्यानात येईल, तितके भाषेचे नुकसान टळते. जन्मानंतर १ महिन्यात प्राथमिक तपासणी, ३ महिन्यांपर्यंत निदान आणि ६ महिन्यांपर्यंत उपचारांना प्रारंभ, हा क्रम सर्वत्र प्रमाण मानला जातो. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातही जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे.

नवजात बालके (ओएई) : कानात मऊ टोकाची नळी ठेवून सूक्ष्म ध्वनी सोडतात व अंतर्कर्णाचा प्रतिसाद यंत्र टिपते. बाळ पोटभर प्यालेले आणि शांत असावे. पहिल्या खेपेस 'रेफर' असा शेरा आला, तरी बाळ बहिरे ठरत नाही. जन्मवेळचा स्राव कानात उरल्यानेही तसे घडते. फेरतपासणी मात्र टाळू नये.

बेरा चाचणी : येथे गाढ झोप हवी. आदल्या रात्री उशिरा निजवावे, सकाळी लवकर उठवावे आणि वाटेत डुलकी लागू देऊ नये. कपाळावर व कानांमागे इलेक्ट्रोड चिकटवतात. तेलकट त्वचेवर ते नीट बसत नाहीत. म्हणून डोक्याला तेल लावू नये, कपाळावरची तीट पुसावी, डूल काढून ठेवावेत. झोपेचे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावे. त्याआधी किती वेळ दूध व अन्न वर्ज्य आहे, हे विचारून घ्यावे.

सहा महिने ते अडीच वर्षे : आवाजाकडे वळल्यास मुलाला दिवा किंवा हलते खेळणे दिसते. मूल सहसा पालकाच्या मांडीवर असते. आवाज येताच पालकाने मान वळवली वा मुलाला खूण केली, तर निष्कर्ष फसतो.

अडीच ते पाच वर्षे : आवाज आला की ठोकळा टोपलीत टाकायचा, असा हा खेळ असतो. घरी वाटी-चमच्याने सराव करावा. आधी मुलासमोर, मग त्याच्या पाठीमागून. हेडफोनची सवय लावावी. चाचणी दुखत नाही, हे साध्या शब्दांत सांगावे.

सोबत जुने कागदपत्र न्यावेत. जन्मवेळचे वजन, अतिदक्षता विभागातील वास्तव्य, तीव्र कावीळ, कुटुंबातील बहिरेपणा, कान वाहणे यांची माहिती द्यावी. घरात कोंकणी बोलतात की मराठी, हेही सांगावे. शब्दांच्या चाचणीत त्याचा उपयोग होतो. सर्दी किंवा कानदुखी असल्यास आधी कळवावे. कानात तेल घालू नये.

टाळी वाजवल्यावर मूल वळते, एवढ्यावर समाधान मानणे धोक्याचे आहे. मोठा आवाज ऐकू येणाऱ्या मुलालाही 'स', 'श' यांसारखे सूक्ष्म ध्वनी ऐकू येत नसण्याचा संभव असतो. 'आमच्या घरात मुले उशिराच बोलतात' या भरवशावर थांबल्यास भाषा शिकण्याचा मोलाचा काळ निघून जातो. शंका वाटताच बालरोगतज्ज्ञ वा कान-नाक-घसातज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.