पिकअपचा पिवळा दिवा: कोड आला कुठून आणि तो वाचायचा कसा



वाडीतून चिकूच्या पेट्या भरून पिकअप निघते. वाटेत डॅशबोर्डवर इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो, गाडी ओढ धरत नाही. पिकलेला चिकू कुणासाठी थांबत नाही. मग गॅरेज, स्कॅनर, स्क्रीनवर एक कोड आणि पाठोपाठ एस्टिमेट: पंप बदला, सेन्सर बदला, इंजेक्टर बदला. आकडा ऐकून आपण गप्प होतो, कारण मशीनच बोललंय म्हटल्यावर आपण काय बोलणार?

आजची नोंद म्हणून त्या मशीनच्या इतिहासावर आहे. हा कोड मुळात मिस्त्रीच्या सोयीसाठी जन्मलाच नाही, धूर पकडायला जन्मला. एवढं डोक्यात बसलं की कोडवर किती विश्वास ठेवायचा आणि कुठे थांबायचं ते आपोआप कळतं.

कोडच्या आधी

टाटाची पिकअप १९८८ साली आली. पुढे तिची २०७ घराघरात माहीत झाली. २००५ च्या मे महिन्यात टाटा एस आली, तिला आपण छोटा हत्ती म्हणतो. तिचं इंजिन दोन सिलिंडरचं, ७०२ सीसीचं. या जुन्या डिझेल गाड्यांत पंप यांत्रिक. पेडल दाबलं की पंप जास्त डिझेल ढकलणार, इंजेक्टर ठराविक दाबाला उघडणार. मध्ये कॉम्प्युटर नाही, म्हणून कोडही नाही.

पण निदान तेव्हाही होत होतं. मिस्त्री आधी सायलेन्सर बघायचा. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, तेव्हा आधी एअर फिल्टर काढ. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर म्हणजे डिझेल न जळता बाहेर पडतंय किंवा पाणी आत जातंय. त्या काळचा कोड म्हणजे धूरच. आणि आजचा कोडही शेवटी धुराबद्दलच बोलतो, फक्त धूर दिसायच्या आधी.

अननसाचा अभ्यासक आणि काळवंडलेली पानं

ही गोष्ट शेतकऱ्यांना आवडावी अशी आहे. अमेरिकेत लॉस एंजेलिस शहरावर १९४० च्या दशकात धुरकं साचायला लागलं. डोळे चुरचुरायचे आणि आसपासच्या शेतात पालेभाज्यांची पानं खराब व्हायची. तिथल्या कॅलटेक संस्थेत एरी हागन-स्मित नावाचे मूळचे डच जीवरसायनशास्त्रज्ञ होते. त्यांचा अभ्यास अननसाच्या वासाचा, म्हणजे तो कोणत्या द्रव्यांनी बनतो याचा. वास पकडायची तीच पद्धत त्यांनी त्या हवेवर वापरली. १९५० नंतरच्या काही वर्षांत त्यांनी दाखवून दिलं की गाड्यांच्या आणि तेल कारखान्यांच्या वाफा उन्हात आपसात क्रिया करतात आणि त्यातून ओझोनसारखे घातक वायू तयार होतात. पालक, लसूणघास, बीट अशा पिकांवर प्रयोग करून पानांवरचे डाग याच हवेने पडतात हेही ताडून पाहिलं.

पुढे कॅलिफोर्नियाने हवेसाठी वेगळं मंडळ काढलं आणि हागन-स्मित त्याचे पहिले अध्यक्ष झाले. धुराचे नियम कडक झाले तसे कारखान्यांनी इंजिनावर कॉम्प्युटर बसवले. पण एक प्रश्न उरला. नवी गाडी तपासणीत पास होते, पाच वर्षांनी एखादा सेन्सर मेला आणि गाडी धूर ओकायला लागली तर कळणार कसं? उत्तर निघालं: गाडीनेच स्वतःवर नजर ठेवायची आणि चूक दिसली की दिवा लावायचा. १९८८ च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियात त्याची पहिली पायरी सुरू झाली. तेव्हा प्रत्येक कंपनीचं सॉकेट वेगळं, कोड वेगळे. काही गाड्यांत दोन पिना तारेने जोडायच्या आणि दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजायचं. १९९६ पासून अमेरिकेत सगळ्या नव्या मोटारींना एकच सोळा पिनांचं सॉकेट आणि एकच कोडभाषा सक्तीची झाली. तीच ओबीडी-२. युरोपात ती पेट्रोल मोटारींना २००१ पासून आणि डिझेल मोटारींना त्यानंतर लागू झाली.

आपल्या डहाणूला धुराचं राजकारण नवं नाही. जून १९९१ मध्ये केंद्राने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. औष्णिक वीज केंद्राच्या धुराचा बागायतीवर काय परिणाम होईल, हा वाद इथल्या लोकांनी न्यायालयापर्यंत नेला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली तालुक्यासाठी प्राधिकरण नेमलं गेलं. पानावरच्या डागावरून चिमणीला जाब विचारणं, हे तिकडे घडलं तसं इकडेही घडलं.

भारतात आला, पण डहाणूला वळसा घालून

१९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरासाठी युरोच्या धर्तीवर नियम लावायला सांगितलं. २००० साली देशभर पहिला टप्पा आला. पुढचा आराखडा ठरवायला केंद्राने २००१ मध्ये समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर. त्या अहवालावर २००३ चं वाहन-इंधन धोरण उभं राहिलं: मोठी शहरं आधी, बाकी देश मागून.

आता गंमत बघा. १ एप्रिल २०१० ला देशातल्या तेरा शहरांत बीएस-४ लागू झालं. त्यात मुंबई होती आणि सुरतही होती. या दोघांच्या मधोमध आपण, आणि आपल्याकडे मात्र त्या वर्षी बीएस-३. तेव्हा पालघर जिल्हासुद्धा नव्हता, आपण ठाण्यात होतो. म्हणजे एकाच महामार्गावर दोन्ही टोकांना एक नियम आणि मध्ये दुसरा. बीएस-४ गाड्यांना २०१० पासून ओबीडीची पहिली पायरी लागली, जी मुख्यतः वायरिंगचं सर्किट तुटलंय का एवढंच बघते. २०१३ पासून दुसरी पायरी लागली, जी धुराशी संबंधित भागांचं कामही तपासते. बीएस-४ देशभर सगळीकडे १ एप्रिल २०१७ ला लागू झालं. त्याच्या तीन दिवस आधी, २९ मार्चला, सर्वोच्च न्यायालयाने उरलेल्या बीएस-३ गाड्या विकायला बंदी घातली. शेवटच्या दोन दिवसांतली सवलतींची झुंबड अनेकांना आठवत असेल. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६.

याचा व्यवहारातला अर्थ मोठा आहे. आपल्याकडे सेकंडहँड पिकअप ठाण्याच्या येतात, वसईच्या येतात, आच्छाडपलीकडून वलसाड-सुरतच्याही येतात. २०१० ते २०१७ मधल्या एकाच वर्षाच्या दोन गाड्या आतून पूर्ण वेगळ्या असू शकतात. एकीत यांत्रिक पंप, दुसरीत कॉमन रेल आणि कॉम्प्युटर. काही बीएस-३ गाड्यांत कॉम्प्युटर आहे, पण तो कंपनीच्याच भाषेत बोलतो आणि बाजारातला स्वस्त स्कॅनर तिथे मुका होतो. म्हणून वर्षावर जाऊ नका. आरसीवर बीएस कोणतं लिहिलंय ते बघा आणि स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट आहे का ते हाताने चाचपून बघा. स्कॅनर बोलत नाही म्हणजे कॉम्प्युटर गेला असं नाही.

कोडची बाराखडी

कोडला एक अक्षर आणि चार आकडे असतात. 'पी' म्हणजे इंजिन-गिअरकडचं. त्यानंतरचा पहिला आकडा ० असेल तर तो कोड सगळ्या कंपन्यांना सारखा. १ असेल तर कंपनीचा स्वतःचा, तिथे मोबाईल ॲपने दिलेल्या अर्थावर लगेच विसंबू नका, कंपनीच्या यादीतला अर्थ शोधा.

आपल्या पिकअपना वरचेवर भेटणारे कोड असे:

- पी-००८७: रेलमध्ये डिझेलचा दाब कमी.
- पी-०३३५: क्रँक सेन्सरचं सर्किट.
- पी-०४०१: ईजीआरमधून पुरेसा वायू जात नाही.
- पी-०२९९: टर्बोचा दाब कमी.
- पी-०५६२: गाडीचं व्होल्टेज कमी.

नीट वाचा. यातल्या एकाही कोडमध्ये "अमुक पार्ट बदला" असं नाही. कॉम्प्युटरने तारेवर जे बघितलं ते तो सांगतो. साक्षीदाराने चोर पळताना पाहिला, पण चोर कोण ते शोधायचं काम पोलिसाचं. कोड साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही.

दाब कमी, पण कशामुळे?

गेल्या पावसाळ्यात आमच्या आळीतल्या एका बीएस-४ पिकअपला पी-००८७ आला. रिकामी गाडी बरी चालायची, माल भरला की महामार्गावर दम टाकायची. एका गॅरेजने हाय-प्रेशर पंपाचं पाच आकडी एस्टिमेट दिलं. दुसऱ्या मिस्त्रीने स्कॅनरवर लाइव्ह डेटा उघडला. कॉम्प्युटर मागतो तो दाब आणि रेलमध्ये खरा मिळतो तो दाब, दोन्ही शेजारी ठेवले. आयडलला दोन्ही जुळत होते. रेस दिली की खरा मागे पडत होता. म्हणजे पंप मेलेला नव्हता, त्याला डिझेल पोचत नव्हतं. फिल्टरखालचा बोल्ट सोडला तर पाणी निघालं. टाकीकडून येणाऱ्या रबरी पाइपला क्लिपजवळ चीर होती आणि तिथून हवा ओढली जात होती. फिल्टर, हातभर पाइप, दोन क्लिपा. संध्याकाळी गाडी भरून निघाली.

कॉमन रेलमध्ये दाब हजार बारच्या वर जातो. तिथे हवेचा बुडबुडा किंवा पाण्याचा थेंब यांत्रिक पंपासारखा पचत नाही. म्हणून क्रम नेहमी स्वस्ताकडून महागाकडे: टाकीतलं डिझेल, फिल्टर, पाइप, वायर, सेन्सर आणि सगळ्यात शेवटी पंप-इंजेक्टर.

आपल्या पट्ट्यातले तीन चोर

पहिला, खारी हवा. झाई, बोर्डी, घोलवड, नरपडकडच्या गाड्यांच्या कनेक्टरमध्ये हिरवट बुरशीसारखं चढतं. सेन्सर ठणठणीत असतो, पिन खराब असते. सेन्सरचा कोड आला की आधी कनेक्टर काढून बघा, साफ करा, घट्ट बसवा.

दुसरा, उंदीर. वाडीत किंवा पेंढ्याच्या माचाशेजारी उभी राहणारी गाडी असेल तर वायर कुरतडलेली सापडणारच. एकदम चार-पाच सेन्सरचे कोड आले तर पाचही सेन्सर एका रात्रीत मरत नाहीत. त्यांची सामाईक ५ व्होल्टची तार, अर्थिंग किंवा फ्यूज बघा.

तिसरा, बॅटरी आणि अर्थिंगची पट्टी. व्होल्टेज पडलं की कॉम्प्युटर भलभलते कोड टाकतो. साधा मल्टिमीटर लावा. इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. पी-०५६२ सोबत दुसरे कोड असतील तर आधी हा निपटवा, मग बाकीचे बघा.

गरम झाल्यावर गाडी बंद पडते आणि थंड झाल्यावर चालू होते, सोबत पी-०३३५, तर क्रँक सेन्सरवर संशय रास्त आहे. तरीही आधी त्याची वायर आणि टोकाला चिकटलेला लोखंडी कचरा बघा.

कोड पुसायची घाई नको

चावी ऑन केल्यावर पिवळा दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. जुनी गाडी घेताना हे आवर्जून बघा. चावी ऑन करूनही दिवा लागतच नसेल तर बल्ब गेलाय किंवा कुणीतरी तो काढून ठेवलाय.

बॅटरीची केबल काढून दिवा घालवायची युक्ती सगळ्यांना माहीत आहे. त्याने दिवा विझतो आणि पुरावाही जातो. कोड पडला त्या क्षणी वेग किती, आरपीएम किती, पाणी किती गरम, हे कॉम्प्युटरने साठवलेलं असतं. त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. आधी त्याचा फोटो काढा, कोड वहीत लिहा, तारीख आणि किलोमीटर टाका. मग पुसा, गाडी माल भरून चालवा आणि तोच कोड परत येतो का बघा. आपण फवारणीची नोंद ठेवतो, तशी गाडीचीही ठेवायला काय हरकत?

वही कुणाच्या हातात

यांत्रिक पंपाच्या काळात ज्ञान मिस्त्रीच्या कानात होतं आणि ते उस्तादाकडून पोराकडे जायचं. कॉम्प्युटर आला आणि ज्ञान सॉफ्टवेअरच्या कुलपात गेलं. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्या विषयांत शेतीची अवजारं आणि वाहनं दोन्ही होती. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचं पोर्टलही सुरू झालं. माहितीपत्रकं आणि सुट्या भागांची माहिती मालकाला आणि बाहेरच्या मिस्त्रीलाही मिळावी, हा त्यामागचा विचार.

चारोटी, कासा, तलासरी, उधव्याच्या रस्त्यावर गॅरेजात शिकणारी आपली आदिवासी पोरं हुशार आहेत. त्यांच्याकडे स्कॅनर आलेत, आता कोडमागचं कारण शोधायची सवय लागायला हवी. ती सवय लागली तर पंप वाचेल, शेतकऱ्याचा पैसा वाचेल आणि गाडी कंपनीच्या शोरूमपर्यंत ओढत न्यायची वेळ कमी येईल.

पुढच्या वेळी कुणी म्हणालं, "मशीनने पंप दाखवलाय," तर शांतपणे विचारा: "दादा, कोड कोणता आहे? लाइव्ह डेटा दाखवा. फिल्टर आणि वायर बघितली का?"

तुमच्या पिकअपला कोणता कोड आला होता आणि शेवटी खरं कारण काय निघालं, ते गाडीच्या बीएससकट खाली लिहा. दुसऱ्याच्या पेट्या वेळेवर पोचतील.