आजोबांची 'विलायती' बंदूक

आजची गोष्ट आमच्या घरातल्या दुनळी बंदुकीची.

आजोबा सांगतात, "अस्सल विलायती, लाखाची!" वर इंग्रजी नाव कोरलेलंच आहे. दर खंडेनवमीला पूजा होते. गेल्या वर्षी काका म्हणाले, "विकण्याआधी एक बार काढून बघू." नशीब, आधी परवानाधारक कारागिराकडे नेली.

त्यांनी वरचं नाव वाचलंसुद्धा नाही. नळ्या सोडवून उलट्या केल्या. बंदुकीची जन्मपत्रिका तिथे असते! बर्मिंगहॅमला १८१३ च्या कायद्याने चाचणीघर आलं. तिथे जादा दारूचा बार काढायचे, नळी टिकली तरच छाप. आमच्या नळीवर मात्र लंबगोलात 'ईएलजी' निघालं. म्हणजे बेल्जियमचं लीज शहर! तिथून इंग्रजी वळणाची नावं कोरलेल्या स्वस्त बंदुका जगभर जायच्या. १८९३ पासून त्या लंबगोलावर मुकुट आला. आमच्यावर तो नाही, म्हणजे बंदूक त्याआधीची.

आणि नळीवरची लाटांसारखी नक्षी? ती दमास्कस: लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, ठोकून जोडलेल्या. चाचणी झाली ती काळ्या दारूची. आजच्या बिनधुराच्या काडतुसाने नळी फुटू शकते, आणि डावा हात नेमका तिथेच असतो.

दस्त्याची चीर सांधली. आतला गंज मात्र घासला नाही. पातळ नळी आणखी पातळ झाली असती. किंमत? लाख विसरा.

घरी आजोबांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग स्वतःचा डावा हात बघत म्हणाले, "हा शाबूत राहिला, हीच कमाई."

भेटू पुढच्या भागात!