मॅग

मागच्या महिन्यात भाच्याने सेकंडहँड स्विफ्ट घेतली. गाडी दारात लागून आठवडा झाला नसेल, तोच त्याचा फोन. "मामा, अलॉय टाकतोय. सतरा इंची, काळे. चार फोटो पाठवलेत, त्यातले कुठले चांगले दिसतील तेवढं सांग."

फोटो पाहिले. चारही देखणे होते, खोटं कशाला बोला. पण मी लगेच उत्तर दिलं नाही. का दिलं नाही ते खाली येईलच. (ताई, वाचत असशील तर तुला ती रात्र आठवत असेलच.)

आमच्या वेळी अलॉय कोणी म्हणत नसे. मॅग म्हणायचे. नाना पेठेतले जुने दुकानदार आणि गॅरेजवाले अजूनही मॅगच म्हणतात. हा मॅग म्हणजे मॅग्नेशियम. गंमत अशी की दुकानात टांगलेल्या चाकांत मॅग्नेशियम शोधून सापडणार नाही, फार तर मिश्रधातूत चवीपुरतं. ती सगळी अॅल्युमिनियमची. धातू गेला, नाव राहिलं. हे नाव कुठून आलं ते बघायला लागलो आणि दोन रविवार त्यात गेले.

सुरुवात मॅग्नेशियमच्याही आधीची आहे. १९२० च्या सुमारास मोटारीची चाकं दोन-तीन प्रकारची असत. बैलगाडीच्या वळणाची लाकडी आऱ्यांची, सायकलसारखी तारांची, किंवा पत्र्याची तबकडी. शर्यतीच्या गाड्यांना तारांची, कारण ती हलकी. ऑगस्ट १९२४ मध्ये फ्रान्समधल्या लियाँ इथल्या ग्रां प्रीला एत्तोरे बुगाटीने आपली टाइप ३५ ही नवी गाडी आणली. तिची चाकं ओतीव अॅल्युमिनियमची होती. आठ चपट्या पट्ट्या मधून निघून कडेपर्यंत गेलेल्या, आणि ब्रेकचा ड्रम चाकातच. म्हणजे चाक काढलं की ब्रेकचे शू समोर उघडे. बदलायला सोपं, आणि ब्रेकची उष्णता त्या पट्ट्यांतून बाहेर जायची सोय.

त्या दिवशी मात्र फजिती झाली. टायरांचा वरचा थर सुटून निघायला लागला आणि शर्यत अल्फा रोमिओने जिंकली. बुगाटीने चाक सोडलं नाही. पुढे १९२५ ते १९२९ अशी सलग पाच वर्षं सिसिलीतली तार्गा फ्लोरिओ बुगाटीनेच मारली. आज टाइप ३५ चं चित्र पाहिलं तर पहिली नजर त्या आठ पट्ट्यांवर जाते. शोभेसाठी काढलेल्या वाटतात. पण त्यातली प्रत्येक रेघ कामाची आहे.

मॅग्नेशियम आलं ते विमानांकडून. पाण्याच्या तुलनेत लोखंड पावणेआठ पट जड, अॅल्युमिनियम २.७ पट, आणि मॅग्नेशियम फक्त पावणेदोन पट. विमानवाल्यांना याहून काय हवं? दुसरं महायुद्ध संपलं आणि विमानाच्या कारखान्यांत हात बसलेली माणसं रिकामी झाली. त्यातला एक टेड हॅलिब्रँड. कॅलिफोर्नियात याने इंडियानापोलिसच्या शर्यतीच्या गाड्यांसाठी मॅग्नेशियमची चाकं ओतायला सुरुवात केली. पाहता पाहता शर्यतीच्या गाडीला 'मॅग' असणं गृहीत धरलं जाऊ लागलं.

आता हलकं चाक का हवं? इथे थोडं थांबतो, कारण सगळी मेख इथेच आहे. गाडीचं बहुतेक वजन स्प्रिंगांवर तोललेलं असतं. चाक, टायर, ब्रेक हे स्प्रिंगांच्या खाली. खड्डा आला की या खालच्या मंडळींना झटकन वर जाऊन झटकन खाली यायचं असतं. ती जड असली तर खाली यायला उशीर करतात, आणि तेवढा वेळ टायर रस्त्याला धरून नसतो. शिवाय चाक नुसतं पुढे जात नाही, गरगर फिरतंही. म्हणून चाकातला, त्यातही कडेचा, एक किलो हा डिकीतल्या एका किलोपेक्षा इंजिनाला आणि ब्रेकला जास्त जाणवतो.

१९५६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत तिघांनी मिळून अमेरिकन रेसिंग नावाची कंपनी काढली. सरळ रेषेत पाव मैल धावणाऱ्या ड्रॅग रेसच्या गाड्यांसाठी चाकं करायची. साठच्या दशकात त्यांचं पाच निमुळत्या दांड्यांचं टॉर्क थ्रस्ट आलं. हे चाक रस्त्यावरच्या पोरांनी उचललं, आणि १९६८ च्या 'बुलिट' सिनेमात स्टीव्ह मॅक्वीनच्या हिरव्या मस्टँगला ते दिसलं. माझ्या मते चाकाचा धंदा इथे वळला. शर्यतीत कधीही न उतरणाऱ्या माणसाला शर्यतीचं चाक हवंसं वाटलं.

इंग्लंडात तेव्हा मिनीचा जमाना होता. इसिगोनिसने १९५९ च्या मिनीला दहा इंची चाकं दिली होती, गाडीतल्या माणसांना जागा मिळावी म्हणून. इतक्या लहान चाकाचे टायर डनलॉपकडून खास करून घ्यावे लागले. या गाड्या शर्यतीत उतरल्यावर त्यांना आठ दांड्यांची मॅग्नेशियमची मिनिलाइट चाकं बसली, आणि त्यांच्या नकला आजवर चालू आहेत. पोर्शने १९६६ मध्ये ९११ एस ला फुक्स कारखान्याची पाच पाकळ्यांची चाकं दिली. ती अॅल्युमिनियमची, पण ओतलेली नव्हे, घडवलेली. लोहार घण मारून घडवतो त्याच जातीचं काम, फक्त प्रेसखाली. त्याने धातूचा कण घट्ट बसतो आणि कमी मालात तीच ताकद मिळते. मला विचाराल तर आजवरचं सगळ्यात सुंदर चाक हेच.

मॅग्नेशियम रस्त्यावर टिकलं नाही. त्याला पाणी सोसत नाही, मीठ तर नाहीच. रंग उडाला की आतून खायला सुरुवात. आणि पेटलं तर विझत नाही. ११ जून १९५५ ला ल मांच्या शर्यतीत मर्सिडीज प्रेक्षकांवर जाऊन आदळली आणि ऐंशीच्या वर माणसं गेली. तिची बॉडी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची होती, आणि आगीवर पाणी मारल्यावर ती जास्तच भडकली. तर रोजच्या गाड्यांसाठी ओतीव अॅल्युमिनियम आलं, स्वस्त आणि टिकाऊ. नाव मॅगच राहिलं. आणि एकदा चाक दिसण्यासाठी विकायचं ठरल्यावर ते हलकं असण्याची गरजही उरली नाही. पुढे अमेरिकेत गाडी थांबल्यावरही फिरत राहणाऱ्या चकत्या आल्या, त्यांच्याबद्दल न बोललेलंच बरं.

तर, १९९७. बाबांची १९९१ ची मारुती ८००. माझी नवी नोकरी आणि हातात पहिला बोनस. मी बाबांना न विचारता बारा इंची पत्र्याच्या रिम्स दुकानात बदल्यात दिल्या आणि तेरा इंची मॅग बसवून आणले. कुठल्या कंपनीचे ते चाकावर कुठेच लिहिलं नव्हतं. आता मला कळतं की त्यावर काही शिक्का हवा होता. जपानी चाकांवर जेडब्ल्यूएल अशी अक्षरं ओतलेली असतात, म्हणजे वाकवून, फिरवून, आपटून तपासलेलं चाक. तेव्हा मी फक्त चकाकी पाहिली. बाबा गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "छान दिसतायत." बस.

दोन महिन्यांनी साताऱ्याहून लग्न आटपून परत येत होतो. मी, आई, बाबा आणि ताई. गाडी मी चालवत होतो. खंबाटकी उतरलो, पारगाव-खंडाळ्याच्या जवळ एक खड्डा दिसलाच नाही. पुढचं डावं चाक धाडकन आत गेलं. गाडी कशीबशी कडेला घेतली. रिमची कड वितभर तुटून पडली होती. पत्र्याची असती तर वाकली असती. ही बिस्किटासारखी तुटली.

स्टेपनी होती, जुनी पत्र्याची. ती चढवली आणि नट घट्टच होईनात. मॅगबरोबर आलेले नट लांब मानेचे होते, जाड चाकासाठी केलेले. पातळ पत्र्यावर ते टेकायच्या आधीच संपत होते. आणि जुने सोळा नट मी रिम्सबरोबर दुकानात देऊन आलो होतो.

रात्रीचे साडेअकरा. आई आणि ताई गाडीत काचा लावून बसल्या. बाबा एका ट्रकमध्ये चढून शिरवळला गेले. तेव्हा मोबाईल नव्हते. ते परत येईपर्यंतचे अडीच तास मी त्या तुटलेल्या चाकाशेजारी उभा होतो, आणि समोरून येणाऱ्या प्रत्येक दिव्याकडे बघत होतो. बाबा आले, हातात कागदाच्या पुडीत चार नट. एका शब्दाने बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात जुन्या बाजारातून पत्र्याच्या चार रिम्स आल्या, त्यांचे पैसेही त्यांनीच दिले. बाबा जाऊन आता नऊ वर्षं झाली. तो विषय आमच्यात कधीच निघाला नाही, आणि मला वाटतं मीच तो काढायला हवा होता.

असो. भाच्याला मी गाडी घेऊन घरी बोलावलं. त्याच्या स्विफ्टला १६५/८० आर १४ टायर. म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यात १३२ मिलिमीटर रबर. सतरा इंची घेतलं आणि चाकाची एकूण उंची तीच ठेवायची म्हटली तर २०५/४५ येतो, म्हणजे ९२ मिलिमीटर. "चार सेंटीमीटर रबर कमी. आपल्या रस्त्यांवर," मी म्हणालो. मग दुकानात जाऊन त्याच्या आवडीचं सतरा इंची चाक आणि त्याची चौदा इंची पत्र्याची रिम, दोन्ही बिनटायरची, वजनकाट्यावर ठेवली. मॅग अडीच किलोने जास्त भरलं. तो बराच वेळ काट्याकडे बघत राहिला. "मग याला अलॉय कशाला म्हणतात?"

शेवटी पंधरा इंची घेतली, १८५/६५. कंपनी वरच्या मॉडेलला देते तोच साइज. शिक्का तपासला, मधलं भोक हबवर नीट बसतंय ते पाहिलं. काळी नाही, रुपेरी, आठ दांड्यांची. मिनिलाइटची नक्कल. ती त्याने निवडली, मी नाही, पण मनातून खूश झालो.

दुकानदाराने नवे नट दिले. जुने सोळा मी मोजून एका पिशवीत घातले, आणि ती पिशवी त्याच्या डिकीत, स्टेपनीच्या मधल्या खळग्यात ठेवून दिली.