अष्टूरच्या वाटेवरची चौखंडी

बीदरहून अष्टूरला बहामनी सुलतानांचे मकबरे पाहावयास निघालो, तो वाटेतच चौखंडी दिसली. नाव चौखंडी, आणि बाजू मोजाव्यात तर आठ! मी मनाशी हसलो. पायऱ्या चढून आत शिरलो तेव्हा कोडे उलगडले. ही उंच अष्टकोनी भिंत म्हणजे नुसते कोंदण. वर छत नाही. आत खलीलुल्लांची चौकोनी समाधी निराळीच उभी.

खलीलुल्ला हे किरमानच्या शाह निअमतुल्लांचे पुत्र. अहमदशहा बहामनीने पित्याला आग्रहाने बोलावले. ते आले नाहीत, नातू पाठविला. १४३१ साली ते निवर्तले, मग खलीलुल्ला बीदरला आले. घराण्यातील इतरांच्या कबरीही येथेच आहेत. इराणची वाट पुन्हा कोणी धरली नाही, असे त्या पाहून वाटते.

दारावरच्या लेखापाशी मात्र पाय खिळले. अक्षरे शिराझच्या मुगीसची, वळणदार, ऐटबाज. कमानींच्या चौकटी दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या. लेखकाने आपले नाव घातले आहे. तो पाषाण लोण्यासारखा कातणाऱ्या पाथरवटाचे नाव मी भिंतभर धुंडाळले. मिळाले नाही. सोबतचा टांगेवाला दोनदा हाका मारून गेला, तरी माझे बोट त्या नक्षीवरून फिरतच होते.