सहयोगी अध्ययन, महाविद्यालयीन
विद्यार्थ्यांनी जोडीने किंवा लहान गटात एकाच प्रश्नावर काम करून परस्परांकडून शिकण्याची पद्धत. भारतातील मोठ्या वर्गात तिचा नीट तपासलेला प्रयोग पवईच्या आयआयटी मुंबईत (स्थापना १९५८) झाला. तेथे पहिल्या वर्षाच्या संगणक प्रोग्रॅमिंगच्या सुमारे ४५० विद्यार्थ्यांच्या वर्गात ‘विचार करा, जोडी करा, मांडा’ हे तंत्र वापरले गेले. सहाना मूर्ती, श्रीधर अय्यर व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले : उपक्रमांच्या वेळी सरासरी ८३ टक्के विद्यार्थी कामात गुंतलेले आढळले.

मूळ तंत्र अमेरिकेतील फ्रँक लायमन यांचे, १९८१ मधील. शिक्षक प्रश्न देतो. प्रत्येक जण आधी एकट्याने उत्तर लिहितो, मग शेजाऱ्याशी ते पडताळतो किंवा त्याच्यासोबत पुढचा टप्पा सोडवतो, शेवटी वर्गात चर्चा होते. पहिली पायरी गाळली, तर हुशार मुलगा बोलतो आणि शेजारी मान डोलावतो. जोडीला बाके हलवावी लागत नाहीत, म्हणून व्याख्यानगृहातही ते जमते. प्रश्न मात्र कसदार हवा. ज्याचे उत्तर पाठ्यपुस्तकातल्या एका ओळीत आहे, त्यावर जोडीने बोलण्यासारखे काही नसते. दिलेला प्रोग्रॅम कोठे चुकेल, हा प्रश्न चांगला.

सत्रभराचे गटप्रकल्प हा याचाच लांब पल्ल्याचा प्रकार. त्यात एकाने राबायचे आणि बाकीच्यांनी नावे लावायची, हा दोष सर्वपरिचित आहे. गटाच्या गुणांबरोबर प्रत्येकाची स्वतंत्र तोंडी परीक्षा घेतल्यास तो बराच आटोक्यात येतो.