संपादकाचे टेबल आणि स्टेन्सिल

साठोत्तरी मराठी कवितेच्या इतिहासात ‘सत्यकथा’ आणि अनियतकालिके यांची मांडणी बहुधा प्रस्थापित विरुद्ध बंडखोर अशी केली जाते. ती खोटी नसली तरी अपुरी आहे; कवीने कवितेची कारागिरी कोठे आत्मसात केली, हा प्रश्न तिच्यात हरवतो.

गिरगावातील खटाववाडीत श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी संस्करणाला शिस्तीचे रूप दिले. साभार परतीही तेथे शिक्षणाचाच भाग होती. मात्र अंतिम निर्णय संपादकाचा राही. 1955च्या सुमारास निघालेल्या दिलीप चित्रे, अरुण कोलटकर प्रभृतींच्या सायक्लोस्टाइल ‘शब्द’ने आणि पुढे अशोक शहाणे यांच्या ‘असो’ने हा निर्णय लिहिणाऱ्यांच्या हाती आणला. अंक काढणे हे आता लेखनाचेच अंग झाले. परळ-लालबागच्या गिरणगावात घडलेल्या नारायण सुर्वे यांनी तर ‘माझे विद्यापीठ’ (1966) या शीर्षकातूनच आपल्या शिक्षणाची जागा सांगितली.

संपादकाचा अधिकार नाकारला म्हणून संस्करण संपले, असे मात्र म्हणता येत नाही. पन्नाशीच्या दशकात लिहू लागलेल्या कोलटकरांचा पहिला मराठी संग्रह, ‘अरुण कोलटकरच्या कविता’, शहाणे यांच्या प्रास प्रकाशनाने काढला तो 1977मध्ये. प्रकाशनाची वाट मोकळी असताना पत्करलेला हा संयम कोणत्याही संपादकापेक्षा कठोर होता. 1982मध्ये ‘सत्यकथा’ बंद पडली. त्यानंतरच्या कवीला स्वातंत्र्य आयते मिळाले. स्वतःच स्वतःची कविता परत करण्याचे सामर्थ्य मात्र त्याला कमवावेच लागते.